डब्यात नसलेली चिठ्ठी

थोरलीला धाकटीचा राग येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. रागात माणूस भांडतं, दोन दिवस तोंड फिरवून बसतं आणि तिसऱ्या दिवशी चहाला येतं. इथे तसं काही नव्हतं. धाकटी जाऊ समोर आली की थोरलीच्या पोटात कुणीतरी ओलं फडकं पिळतंय असं व्हायचं. "मला काय करायचंय!" असं ती म्हणायची, आणि तेवढ्या वेळात धाकटीच्या पर्सपासून चपलेपर्यंत सगळं न्याहाळून घ्यायची. सरळ सांगायचं तर ती जळायची. नऊ वर्षं जळत होती, म्हणजे धाकटी या घरात आली त्या दिवसापासून.

दोघींचे नवरे सख्खे भाऊ. एकाच इमारतीत थोरलीचं बिऱ्हाड खाली, धाकटीचं वर. सासूबाई खाली राहायच्या, थोरलीच्या हातचं जेवायच्या आणि धाकटीचे गोडवे गायच्या. त्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. वह्या तपासायची लाल पेन्सिल अजून त्यांच्या उशीजवळ असायची. "वरचीचं बघ," त्या म्हणायच्या, "परगावी जाताना कुंड्यांना पाणी कसं घालायचं ते कागदावर लिहून दाराला चिकटवून गेली. कोणत्या कुंडीला किती तांबे, कोणती उन्हात सरकवायची, सगळं. मला कुणाला काही विचारावं लागलं नाही." थोरली "हो का" म्हणून भांडी लावायला जायची. याच कुंड्यांना त्याआधी कित्येकदा तिने पाणी घातलं होतं, कागदाशिवाय, आणि एक रोप मेलं नव्हतं. त्याबद्दल तिला कुणी शाबासकी दिल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

घरी हे असं. पण ऑफिसात थोरली राणी होती.

तिची कंपनी साठेक रुग्णालयांच्या नोंदी सांभाळायची. कुणाचा रक्तगट कोणता, कुणाला कुठलं औषध चालत नाही, कुणाच्या गुडघ्याचा फोटो कधी काढला, सगळं एका अवाढव्य डेटाबेसमध्ये. रोजचं काम संपलं की त्या सगळ्याची प्रत टेपांवर उतरायची. हाताच्या तळव्याएवढ्या काळ्या टेपा पोलादी पेटीत भरून गाडीने गावाच्या दुसऱ्या टोकाच्या तळघरात जायच्या. उद्या आग लागली, पाणी शिरलं, मशीन मेलं, तर त्या टेपा आणायच्या आणि नव्या मशीनवर सगळं पहिल्यापासून उभं करायचं. हे उभं करणं म्हणजे थोरली. बावीस वर्षांपूर्वी ती तिथे तपासण्यांचे अहवाल टाइप करायला लागली. टेपांचं काम बघणाऱ्या म्हाताऱ्या इंजिनियरच्या मागे मागे फिरून ती ते शिकली. तो निवृत्त झाला तेव्हा त्याने तिच्या हातात चाव्या दिल्या. बाकीचं सगळं तिने आधीच काढून घेतलं होतं.

पुढे एका सकाळी मशीनच्या खोलीवरचा पाण्याचा पाइप फुटला आणि डेटाबेसचं अक्षरशः पाणी झालं. साठ रुग्णालयं हातावर हात धरून बसली. थोरली जागेवरून न उठता, कुणाला जवळ येऊ न देता एकेक टेप लावत गेली आणि सहा तास पन्नास मिनिटांत सगळं परत आणलं. साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं. ते तिने मशीनच्याच खोलीत लावलं. तेव्हापासून तोंडावर सगळे तिला ताई म्हणत आणि पाठीमागे तिजोरी. दुसरं नाव तिला माहीत होतं आणि पहिल्यापेक्षा जास्त आवडायचं.

त्या पाइपचा धसका घेऊन साहेबांनी सराव सुरू केला. दर तीन महिन्यांनी एका शनिवारी सगळं बुडालं असं समजायचं आणि वेगळ्या ठेवलेल्या मशीनवर टेपांवरून सगळं परत उभं करून दाखवायचं. त्यातली एक पद्धत साहेबांच्या डोक्यातून निघालेली. आपत्ती काय फक्त मशीनवर येत नाही, ते म्हणायचे, माणसावरही येते. म्हणून सरावाच्या सकाळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून एक चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल ती व्यक्ती त्या दिवसापुरती मेली. तिच्या गळ्यात लाल फीत घालायची आणि मशीनच्या खोलीच्या काचेबाहेर, बोळात ठेवलेल्या खुर्चीत तिला बसवायचं. मेलेल्याने बोलायचं नाही, मान हलवायची नाही, फोनला हात लावायचा नाही. आतल्यांनी त्याच्यावाचून काम करून दाखवायचं. त्या खुर्चीला सगळे परलोक म्हणायचे. "आज परलोकात कोण?" हा सरावाच्या दिवशीचा पहिला विनोद, आणि अकरा वर्षांत त्याला कुणी कंटाळलं नव्हतं.

चिठ्ठ्या लिहायचं काम थोरलीकडे, कारण तिचं अक्षर मोत्यासारखं. टीममध्ये बाराजण. डब्यात चिठ्ठ्या अकरा.

बारावी ती लिहायचीच नाही. पहिल्या वेळी विसरले असं तिने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या वेळी तेही सांगायची गरज पडली नाही. आपण काचेबाहेर गळ्यात फीत घालून बसलोय आणि आत दुसऱ्याच कुणाचे हात आपल्या टेपांवर फिरताहेत, हे तिला नुसतं मनात आणूनही सहन व्हायचं नाही. डबा कुणी मोजला नाही. अकरा वर्षं प्रत्येक सराव पास झाला, कारण प्रत्येक सरावाला ती जिवंत होती.

आणि मग एका सोमवारी साहेबांनी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं. रुग्णालयांनी तक्रार केली होती: सात तास सगळं बंद, हे आता चालायचं नाही. सावरण्याची कोणती पद्धत घ्यायची ते ठरवायला बाहेरून एक सल्लागार बाई नेमल्या होत्या. दार उघडलं आणि धाकटी आत आली.

धाकटी कम्प्युटरमधलंच काहीतरी करते एवढं थोरलीला माहीत होतं. त्यापुढे तिने नऊ वर्षांत मुद्दामच विचारलं नव्हतं. "या तुमच्या घरातल्याच निघाल्या की, ताई!" साहेब खूश होऊन म्हणाले. थोरलीने असं हसून दाखवलं की शेजारी बसलेल्या उंच्याने, म्हणजे टेपा चढवायचं काम वीस वर्षं करणाऱ्या लंबूटांग ऑपरेटरने, खुर्ची जरा लांब सरकवली.

"मी दोनच प्रश्न विचारते," धाकटी म्हणाली. "सगळं बंद पडलं तर किती वेळ बंद राहिलेलं चालेल? आणि किती वेळाचं काम कायमचं गेलं तर चालेल?"

"शून्य आणि शून्य," साहेब म्हणाले.

"सगळे हेच म्हणतात." खोलीत हशा पिकला. थोरलीला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "आज तुमच्याकडे सात तास बंद, आणि शेवटच्या टेपेनंतरचं सगळं काम गेलं. दुसरा मार्ग असा की दुसऱ्या शहरात हुबेहूब असाच एक डेटाबेस कायम चालू ठेवायचा. इथे जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी तिथेही. इथे काही झालं तर वीस मिनिटांत तिकडून काम सुरू."

"मग टेपा?" साहेबांनी विचारलं.

"ते सराव बघून ठरवू या. या शनिवारी दोन्ही करून बघू. तिकडची प्रत तयार करून ठेवलीच आहे."

ते सराव बघून ठरवू या. हे वाक्य थोरलीच्या डोक्यातून जाईना. बावीस वर्षांचं काम, आणि ही परवा आलेली बाई एका सकाळी ते ठेवायचं की फेकायचं ते ठरवणार! टेपा गेल्या तर तिजोरी कसली आणि ताई कसली? मग अहवाल टाइप करायला खुर्ची मोकळी असेलच. त्यात धाकटी जाता जाता म्हणाली, "ताई, चिठ्ठ्यांत माझंही नाव टाका हं. मी नसले तरी माझी पद्धत चालली पाहिजे. नाहीतर ती पद्धत कसली?" सगळ्यांदेखत म्हणाली. उंच्याने मान डोलावली. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती चिठ्ठ्या लिहायला बसली. पहिली चिठ्ठी धाकटीची लिहिली. मग तिच्याकडे बघत बसली. ही बाई मेली तर? म्हणजे सरावात. हिच्यावाचून हिची ती नवलाईची पद्धत कोण चालवणार? उंच्या? त्याला स्वतःच्या डब्याचं झाकण लावता येत नाही. फजिती होईल, साहेब म्हणतील आपल्या टेपाच बऱ्या, आणि एकदा मेलेला माणूस दिवसभर मेलेलाच, तेव्हा टेपांच्या वेळीही ही आत लुडबुडायला नसेल. थोरलीने दुसरी चिठ्ठी घेतली आणि तिच्यावरही धाकटीचंच नाव लिहिलं. तिसरीवर तेच. अक्षर कुठे बिघडलं नाही. बारा चिठ्ठ्या, बाराही वेळा एकच नाव. घड्या घालून तिने त्या डब्यात टाकल्या, डबा हलवला, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तिच्या पोटातला पीळ जरा सैल झाला.

शनिवारी सकाळी सातला साहेबांनी डब्यात हात घातला, चिठ्ठी उघडली आणि मोठ्याने हसले. "घ्या! पाहुण्यांनाच उचललं की!" धाकटीने स्वतःच फीत गळ्यात घातली, आपल्या टेबलावरचा एक पातळसा गठ्ठा उंच्याच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन परलोकात बसली. पर्समधून तिने शेंगदाण्यांची पुडी काढली आणि आत न बघता एकेक दाणा तोंडात टाकायला लागली.

शेंगदाणे! थोरलीला वाटलं, बघा या बाईचा माज.

उंच्या कागद मोठ्याने वाचत होता. "पायरी एक. डावीकडचा पडदा. वरून तिसरी ओळ. ती हिरवी असेल तर पायरी दोनवर जा. लाल असेल तर पान चारवर जा." ओळ हिरवी होती. तो पायरी दोनवर गेला. एकदाही अडखळला नाही, एकदाही डोकं खाजवलं नाही. अठराव्या मिनिटाला दुसऱ्या शहरातला डेटाबेस जागा झाला आणि रुग्णालयांच्या चाचणी नोंदी तिकडून यायला लागल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीनेही वाजवल्या, म्हणजे हात एकमेकांवर आपटले. काचेबाहेर धाकटीने फक्त एकदा वर पाहिलं आणि पुडीत परत हात घातला.

"आता टेपा," साहेब म्हणाले. थोरली बाह्या सरसावून पुढे झाली. "थांबा ताई. दोन पद्धती आहेत, तर चिठ्ठीही दोनदा काढू. नाहीतर अन्याय व्हायचा."

थोरलीने सरसावलेल्या बाह्या खाली ओढल्या. "एका दिवसात एकच मरतं, साहेब," ती म्हणाली. "आजवर तसंच आहे."

"आजवर पद्धतही एकच होती." साहेब डबा घेऊन काचेचं दार उघडून बाहेर गेले. "चला, मेलेल्याच्याच हातून काढू. तेवढ्यापुरतं बोलायची परवानगी."

आतून सगळे बघत होते. धाकटीने चिठ्ठी काढली, उघडली आणि वाचली. थोरलीला त्या कागदावर काय आहे ते माहीत होतं. आता ही ते वाचणार, साहेब म्हणणार परत हेच नाव कसं, कुणीतरी डबा पालथा घालणार आणि बारा चिठ्ठ्या टेबलावर पडणार, तिच्याच मोत्यासारख्या अक्षरातल्या. धाकटी कागदाकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहत राहिली. मग तिने मान वर केली, काचेतून सरळ थोरलीकडे पाहिलं, आणि चिठ्ठी मुठीत चुरगाळली.

"ताईंचं नाव आहे," ती म्हणाली.

अकरा वर्षांत डब्यात जे नाव कधी पडलंच नव्हतं, तेच तिने काढून दाखवलं. आणि थोरलीला ब्र काढता येईना. माझं नाव डब्यात नाहीच असं ती म्हणाली असती, तर ते तिला कसं माहीत, असं सगळ्यांनी विचारलं असतं. ती बोळात आली. धाकटीने स्वतःच्या गळ्यातली फीत काढून तिच्या गळ्यात घातली आणि खुर्ची रिकामी करून दिली. खुर्ची अजून कोमट होती.

टेपांची पेटी उघडली. पहिला तास बरा गेला. उंच्याने टेपा क्रमाने लावल्या. मग पडद्याने पासवर्ड मागितला. टेपांना कुलूप होतं, आणि त्याचा पासवर्ड नियमाप्रमाणे ऑफिसच्या लोखंडी तिजोरीतल्या बंद पाकिटात. साहेबांनी पाकीट फोडलं, उंच्याने टाइप केलं. पडदा म्हणाला, चूक.

तो पासवर्ड जुना होता. आठ महिन्यांपूर्वी थोरलीने तो बदलला होता आणि नवा पाकिटात टाकायचा राहिला होता. राहिला होता म्हणजे उद्या टाकू, परवा टाकू. आणि खरं सांगायचं तर न टाकण्यातही तिला एक गोडी होती. नवा पासवर्ड तिच्या डायरीत होता, डायरी पर्समध्ये आणि पर्स तिच्या मांडीवर.

आत लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणी कॅपिटल अक्षरात लिहून पाहिलं, कुणी उलटं. चाळीस मिनिटं गेली. उंच्याचे कान लाल झाले. आधी थोरलीला बरं वाटलं. बघा, तिला म्हणायचं होतं, बघा माझ्यावाचून काय होतं. मग तिला दिसलं की साहेब वहीत वेळ लिहिताहेत आणि त्यांच्यासमोरच्या कागदाच्या मथळ्यावर लिहिलंय: टेप पद्धत. तिच्यावाचून जे होत नव्हतं ते तिच्या नावावर जमा होत नव्हतं, तिच्या टेपांच्या नावावर पडत होतं. ती ताडकन उठली, डायरी उघडली आणि ते पान काचेला लावलं.

आतले सगळे थबकले. साहेबांनी काचेचं दार उघडलं. त्यांनी पानाकडे पाहिलंच नाही.

"मेलेली माणसं उठत नाहीत, ताई," ते म्हणाले. "बसा खाली."

ती बसली. अकरा वाजता त्यांनी सराव थांबवला.

धाकटीचा अहवाल बुधवारी आला. थोरलीने तो जीव मुठीत धरून वाचायला घेतला. दुसऱ्या शहरातली प्रत घ्यावी, त्यात लिहिलं होतं, पण टेपाही ठेवाव्यात. दुसरी प्रत आगीपासून वाचवेल, पाण्यापासून वाचवेल, पण माणसाच्या चुकीपासून वाचवणार नाही. इथे कुणी चुकून एका रुग्णालयाच्या नोंदी पुसल्या तर तीही त्याच क्षणी इमानेइतबारे पुसून टाकेल. कालचं जसंच्या तसं फक्त टेपांकडेच असतं. मात्र एक अट. तीन महिन्यांनी पुन्हा सराव. त्यात चिठ्ठी न काढता ताईंना मृत धरावं. त्यांच्यावाचून टेपा सात तासांत उभ्या राहिल्या तर ठेवाव्यात. नाहीतर बंद कराव्यात आणि मुद्दाम एक दिवस मागे चालणारी, म्हणजे चूक पोचायच्या आत थांबवता येईल अशी, तिसरी प्रत घ्यावी.

म्हणजे हिने बाजू घेतली! थोरलीला वाईट वागवलं असतं तर तिला झोप तरी लागली असती. ही बाई जळायलासुद्धा धड कारण देत नव्हती.

रविवारी धाकटी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. थोरली बादली नसतानाच वर गेली.

"चिठ्ठीवर तुझंच नाव होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग माझं का घेतलंस?"

धाकटीने टॉवेल झटकला. "मी आल्याबरोबर विचारलं होतं, ताई परलोकात किती वेळा बसल्यात? कुणी म्हणालं नशीबवान आहेत, चव्वेचाळीस सरावांत एकदाही नाही. मी हिशेब करून पाहिला. बाराजणांत असं शंभरात दोनदा होतं. इतकं नशीब कुणाचं नसतं हो. मग शनिवारी दुसऱ्यांदा माझंच नाव निघालं. नंतर कुणी नसताना डब्यातल्या बाकीच्याही उघडून पाहिल्या." ती चिमटे लावत होती. "सगळ्यांसमोर डबा पालथा घालायचा नव्हता मला. आणि तुम्हाला एकदा तिथे बसवायचंही होतं."

"म्हणजे सूड."

"थोडा," धाकटी म्हणाली. "बारा चिठ्ठ्या लिहिल्यात ना तुम्ही? थोडा तर घेऊ द्याल."

थोरलीने तिच्या बादलीतली एक उशीची खोळ उचलली, दोरीवर घातली आणि खाली निघून आली.

त्याच संध्याकाळपासून ती वही लिहायला लागली. बावीस वर्षांचं सगळं, कोणती टेप आधी, कोणती नंतर, कुठे थांबायचं, कुठे मशीन कुरकुरलं तरी घाबरायचं नाही. साठ पानं झाली. तिला वाटलं, झालं. तेवढ्यात टेबलावर पडलेली वही सासूबाईंनी उचलली आणि लाल पेन्सिल घेऊन खिडकीशी बसल्या. दुसऱ्या दिवशी वही परत आली तेव्हा तिला गोवर आल्यासारखं दिसत होतं.

"नेहमीप्रमाणे," सासूबाई म्हणाल्या. "टेप नेहमीप्रमाणे लावावी. नंतर नेहमीप्रमाणे तपासावं. एकतीस वेळा लिहिलंयस. नेहमीप्रमाणे म्हणजे कसं? मला काय माहीत तुझं नेहमीचं?"

"तुम्हाला कशाला हवंय, आई? हे ऑफिसातल्या लोकांसाठी आहे."

"तेसुद्धा म्हणजे तू नव्हेत," सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा लिही."

एवढं लागावं असं त्यात काही नव्हतं, पण लागलं. वरचीच्या वहीत एक लाल गोल नसता झाला, हे थोरलीला मनातल्या मनात ऐकू आलं. तिने पुन्हा लिहिली. परत गोल आले, एकोणीस. तिसऱ्या वेळी सहा. चौथ्या वेळी सासूबाईंनी वही मिटली, चष्मा काढला आणि विचारलं, "या अकराव्या टेपेनंतर मशीन दोन मिनिटं गप्प राहतं, ते काय करत असतं?" सासूबाईंनी आपल्या कामाबद्दल काही विचारलं, हे थोरलीला चहा गाळताना उशिरा उमगलं. तोवर ती अर्धा तास बोलली होती.

पाकिटात नवा पासवर्ड गेला. तीन महिने संपले. सरावाच्या सकाळी थोरलीने स्वतःच फीत गळ्यात घातली आणि परलोकात जाऊन बसली. पर्स तिने मुद्दाम घरी ठेवली होती.

उंच्याने वही उघडली. तो मोठ्याने वाचायला लागला आणि काचेतून त्याचे ओठ तेवढे दिसत होते. कोणत्या ओळीवर तो आहे ते थोरली ओठांवरून ओळखत होती. पासवर्ड लागला. पाचवी टेप. नववी. अकरावी, आणि मशीन गप्प झालं. सगळे थांबले. थोरलीने खुर्चीचे हात घट्ट धरले. आता हा घाबरणार, आता तो वळून इकडे बघणार. बघ, ती मनात म्हणत होती, एकदा तरी बघ रे माझ्याकडे. उंच्याने बोट ओळीवर ठेवलं, वाचलं, आणि खुर्चीत मागे रेलून दोन मिनिटं छताकडे बघत राहिला. मशीन पुन्हा सुरू झालं.

जेवायची वेळ झाली आणि गेली. आत हसणं-खिदळणं चाललं होतं. कुणीतरी वहीवर चहाचा कप ठेवला आणि थोरली दचकून अर्धी उठली आणि पुन्हा बसली. पावणेदोनच्या सुमाराला सगळे एकदम उभे राहिले आणि उंच्याने दोन्ही हात वर केले. ते छतालाच टेकायचे बाकी होते. तिच्या बक्षिसाच्या घड्याळाखाली साहेबांनी वेळ मोठ्या आकड्यांत लिहिली. सहा तास चाळीस मिनिटं.

तिचे सहा पन्नास होते.

टेपा राहिल्या. हे तिला कळत होतं. याचसाठी तिने वही चारदा लिहिली होती. पण आत लोक एकमेकांच्या पाठी थोपटत होते, उंच्याला खांद्यावर घ्यायची भाषा चालली होती, आणि सहा तास चाळीस मिनिटांत एकानेही मागे वळून काचेकडे पाहिलं नव्हतं. साहेबांनी काचेवर टकटक केल्याशिवाय मेलेल्याने उठायचं नाही असा नियम होता. साहेब विसरले होते. थोरली बसून राहिली.

बोळाच्या टोकाकडून धाकटी आली. निकाल तिला फोनवर कळला असावा. ती खुर्चीशेजारी फरशीवरच बसली आणि भिंतीला पाठ टेकली.

"राहिल्या तुमच्या टेपा."

"त्यांना दहा मिनिटं कमी लागली," थोरली म्हणाली.

"जळलात?"

नऊ वर्षांत तिला हे तोंडावर कुणी विचारलं नव्हतं. "जळले," ती म्हणाली.

"कुणावर? उंच्यावर?"

थोरलीने नाही म्हणून मान हलवली. काचेपलीकडे टेबलावर वही उघडी पडली होती आणि तिच्यावर कपाचा गोल ओला डाग उमटला होता. "त्या वहीवर."

धाकटीने पर्समधून शेंगदाण्यांची पुडी काढली आणि तिच्यावरची दोरी सोडायला लागली. "माझी पद्धत अठरा मिनिटांत झाली त्या दिवशी," ती म्हणाली, "मी इथेच बसले होते. माझ्यावाचून झाली. सगळे टाळ्या वाजवत होते, तुम्हीसुद्धा. आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. शेंगदाणे काय मी भूक लागली म्हणून खात होते? काहीतरी चावत राहिलं की रडू येत नाही."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. पर्सकडे नाही, चपलेकडे नाही. मग तिने आपली ओंजळ पुढे केली आणि धाकटीने निम्मी पुडी तिच्यात ओतली.